दवाखाना तपासणी: एकूण गुण १००

सोमवार, ६ जानेवारी. सकाळी ७.१०

आजपासून कोर्टाच्या रस्त्यावरच्या डॉ. सुमेधा मॅडमच्या दवाखान्याची तपासणी सुरू. कुणी सांगितलेली न्हाई, स्वतःहून करून राह्यलो. एकतीस वर्षं शिक्षण विभागात विस्तार अधिकारी होतो. तातेराव साहेब येणार म्हटलं की अंबड तालुक्यातले मुख्याध्यापक आदल्या दिवशी शाळा धुऊन घ्यायचे. शाळा तपासता येते तर दवाखाना का न्हाई.

गुणांची विभागणी: बैठक व्यवस्था १०, स्वच्छता १०, वक्तशीरपणा १५, वागणूक १५, पेशंटला दिलेला वेळ १५, निदान १५, पाठपुरावा २०. अहवाल महिनाअखेर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना. प्रत कलेक्टर साहेबांना.

माझी पत्नी द्वारका ह्याच दवाखान्याची पेशंट होती. ऑगस्टात वारली. त्याचा तपासणीशी संबंध न्हाई. उद्या कुणी पूर्वग्रह म्हणू नये म्हणून नोंद केली.

संकल्प: सहाला उठणे. स्वयंपाक स्वतः करणे. घरातल्या आवाजांकडे लक्ष न देणे.

दुपारी १.००

पहिली भेट. गुडघा दुखतो असं कारण दिलं (गुप्त तपासणीत चालतं). मॅडम वीस मिनिटं उशिरा आल्या. वक्तशीरपणात तीन गुण कापले. बाक लोखंडी, थंडगार. शेजारी एकाची जागा मोकळी ठेवली. वही ठेवायला बरी पडते.

मॅडमनी गुडघा बघितला, मंग न विचारता बीपी घेतलं. १६८/१००. बीपीची गोळी लिहून दिली. यंत्र सदोष. निदान या सदरात नोंद केली.

मंगळवार, ७ जानेवारी. सकाळी ६.०५

स्वयंपाकघरातून खोकल्याचा आवाज. दोनदा. द्वारका चहा ठेवताना खोकायची तसाच. उठून बघितलं. कुणी न्हाई. नळाच्या पाइपात हवा धरते थंडीत. प्लंबरला सांगणे.

चहा जास्त झाला. दोन कप भरले. मापाचा अंदाज अजून बसला न्हाई.

बुधवार, ८ जानेवारी

स्टॉपवॉच घेऊन गेल्तो. एका माणसाला ४ मिनिटं १० सेकंद. त्याच्या मागच्या बाईला २२ मिनिटं. बाई बाहेर आली तेव्हा डोळे पुसून राह्यली होती. म्हणजे आजार नव्हता, रडणं होतं. वेळेचा अपव्यय. सुरेखाला विचारलं, हे रोज चालतं का. सुरेखा म्हणजे इथली सिस्टर. नंबर लावते, इंजेक्शन देते, फरशीपण पुसते. ती म्हणाली, काका, तिचं लेकरू गेलं मागच्या महिन्यात. मी म्हणालो, बरोबर आहे, पण बाहेर सोळा लोकं बसलेत.

सुरेखा पुढचा नंबर पुकारायला निघून गेली. वागणूक: दोन गुण कमी.

एक गृहस्थ माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेवर बसायला आले. मी म्हणालो, इथं बसलेत. ते म्हणाले, कोण? मी म्हणालो, येतील. ते उभे राह्यले. वही दुसऱ्या हातात होती हे नंतर लक्षात आलं.

शुक्रवार, १० जानेवारी. दुपारी २.३०

गंभीर त्रुटी सापडली. द्वारकाचा मोबाइल मी चालू ठेवलाय (अलार्मसाठी. माझ्या फोनचा अलार्म बारीक वाजतो). आज त्यावर दवाखान्याचा मेसेज आला: द्वारकाबाई, आपली तपासणी बाकी आहे, कृपया भेट द्यावी.

पाच महिने झाले. वारलेल्या माणसाला बोलावून राह्यले. मेसेज घेऊन तडक गेलो. सुरेखाचा चेहरा उतरला. म्हणाली, काका, माफ करा, कॉम्प्युटर आपोआप पाठवतो, मी आत्ता नाव काढते. तिनं की-बोर्डावर हात ठेवला. मी म्हणालो, राहू द्या. तपासणीतला पुरावा आहे तो.

घरी येऊन मेसेज परत वाचला. चार-पाच वेळा. भाषा शुद्ध आहे.

रविवार, १२ जानेवारी

आकांक्षाचा पुण्याहून फोन. आमची एकुलती मुलगी. म्हणाली, बाबा, इकडं या, एकटे काय करता तिथं. मी तपासणीबद्दल सांगितलं. मंग म्हणाली, बाबा, आईला मॅडमनी नेमकं काय सांगितलं होतं? मी म्हणालो, काही नेमकं सांगितलंच न्हाई, तोच तर मुद्दा आहे.

खिचडी करपली. गॅस मोठा होता. स्वयंपाकाचा संकल्प उद्यापासून नव्यानं.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

सुरेखानं सगळ्या पेशंटांना तिळगूळ दिला. मला द्यायला आली तेव्हा स्पष्ट सांगितलं, तपासणी चालू असताना तपासणाऱ्यानं काही घेऊ नये. ती हसली, कागदात बांधून वहीवर ठेवला. घरी येईपर्यंत संपला होता. लाच घेतली असं होत न्हाई, कारण गुण दिलेले न्हाईत.

दुपारी फाटकाशी बांगड्या वाजल्या. द्वारका वाण घेऊन आली की आधी फाटकाची कडी दोनदा वाजवायची, माझे हात रिकामे असले तर ताट धरायला यावं म्हणून. मी उठून गेलो. शेजारच्या घरी बायका हळदीकुंकवाला आल्त्या. आवाज तिकडचा होता. मी फाटकाशी हात पुढं करून उभा होतो, एका बाईनं विचारलं, काही पाहिजे का भाऊ.

गुरुवार, १६ जानेवारी

आता मूळ प्रकरणाचा अभ्यास. वस्तुस्थिती कागदावर घेतली म्हणजे बरं.

ऑगस्ट ८, गुरुवार. द्वारकाला चालताना धाप, पाठीत दुखणं. मॅडमला दाखवलं. कार्डिओग्राम काढला. औषध दिलं. मॅडम म्हणाल्या, जालन्याला दाखवा.

ऑगस्ट ११, रविवार. गेली.

मधले दोन दिवस. दोन दिवसांत दवाखान्यानं काय केलं? काही न्हाई. ‘पाठपुरावा’ या सदराला मी वीस गुण ठेवलेत ते उगाच न्हाई.

शुक्रवार, १७ जानेवारी. सकाळी ६.००

खोकला. तीनदा. पाइप कोरडा होता, प्लंबर काल बघून गेला. म्हणाला, साहेब, ह्यात हवा धरायचं कारणच न्हाई. प्लंबर अनुभवी दिसला न्हाई.

शनिवार, १८ जानेवारी

रामप्रसाद आला. माझा नोकरीतला जोडीदार, आता सेवानिवृत्त संघाचा सेक्रेटरी. म्हणाला, तात्या, तू रोज दवाखान्यात जाऊन काय करून राह्यला? लोकं बोलतेत. मी सगळं समजावून सांगितलं. बाराबारा पानांच्या दोन वह्या दाखवल्या. त्यानं चाळल्या. म्हणाला, अरे, ह्यात निम्म्या पानांवर वहिनीच आहेत.

मी वह्या काढून घेतल्या. संदर्भासाठी उल्लेख येतात.

जाताना म्हणाला, शहागडचा कार्यक्रम नसता ठेवला त्या रविवारी तर बरं झालं असतं. मला झोप लागत न्हाई कधी कधी. मी म्हणालो, तुझा काय संबंध.

शहागडचा कार्यक्रम म्हणजे माझा सत्कार. शाल, नारळ, मानपत्र. अकरा ऑगस्टलाच होता. हे वर लिहायचं राह्यलं. तपासणीशी संबंध न्हाई म्हणून.

सोमवार, २० जानेवारी

प्रश्नावली छापून आणली, पंचवीस प्रती. पेशंटांना वाटल्या. प्रश्न सातवा: डॉक्टरांनी आजाराचं गांभीर्य स्पष्ट शब्दांत सांगितलं का? अठरा जणांनी ‘होय’ लिहिलं. एकानं ‘लई स्पष्ट’ लिहिलं. दोन आज्यांनी अंगठे उठवले, ‘होय’च्याच चौकोनात. बाकीच्यांनी प्रती घरी नेल्या.

लोकांना दबावाखाली खरं बोलता येत न्हाई, हे मी शाळांमधून बघितलंय.

मॅडमनी परत बीपी घेतलं. १७२/१०४. म्हणाल्या, काका, गोळी सुरू केली का? मी म्हणालो, यंत्र बदला. त्यांनी दुसऱ्या यंत्रावर घेतलं. १७०/१०४. दोन्ही यंत्रं एकाच कंपनीची असावीत.

गुरुवार, २३ जानेवारी. सकाळी

ठरवलं. शनिवारी पाठपुराव्याची नोंदवही मागणार. शाळेत मी असंच करायचो. वर्ग, फळा, मुलं सगळं झालं की शेवटी शांतपणे म्हणायचं, रजिस्टर आणा. भल्याभल्यांना घाम फुटायचा. शून्य गुण लिहिलेली शाई वाळायच्या आत अहवाल पोस्टात.

काल रात्री जेवलो न्हाई. ताट एकच घेतलं होतं तरी वाढताना हात दोनदा फिरला.

शनिवार, २५ जानेवारी. दुपारी

पेशंट संपल्यावर आत गेलो. म्हणालो, मॅडम, मी तातेराव, सेवानिवृत्त विस्तार अधिकारी, आपल्या दवाखान्याची गुणवत्ता तपासून राह्यलो आहे. त्या म्हणाल्या, माहीत आहे काका. मी म्हणालो, पाठपुराव्याचं रजिस्टर आणा. त्या माझ्याकडं बघत राह्यल्या. घाम फुटला न्हाई. म्हणाल्या, नक्की बघायचंय का? मी म्हणालो, तपासणीत नक्की-बिक्की नसतं.

त्यांनी सुरेखाला आवाज दिला. हिरव्या कापडी बांधणीचं लांब रजिस्टर. ऑगस्टचं पान मीच काढलं. सुरेखाचं अक्षर गोल, शाळकरी. जसंच्या तसं उतरवतो.

८ ऑगस्ट. द्वारकाबाई, वय ६१. कार्डिओग्राममध्ये दोष. आजच जालन्याला न्या असं पतीला दोनदा सांगितलं. चिठ्ठी दिली. पती म्हणाले, सोमवारी बघू.

९ ऑगस्ट. पतीला फोन केला. म्हणाले, मीटिंगमध्ये आहे.

१० ऑगस्ट सकाळ. फोन दोनदा. उचलला नाही.

१० ऑगस्ट दुपार. मॅडमनी मला घरी पाठवलं. पती घरी नव्हते. पेशंट भेटल्या. मी म्हणाले, मावशी, मी रिक्षा आणते, आत्ता चला. त्या म्हणाल्या, उद्या ह्यांचा सत्कार आहे, चार महिन्यांपासून वाट बघून राह्यले, तो होऊ दे, परवा मी स्वतः येते. तू आलती हे ह्यांना सांगू नको, उगं मन लागायचं न्हाई त्यांचं तिथं.

११ ऑगस्ट. मयत.

मॅडम म्हणाल्या, काका, त्या शनिवारी मी स्वतः यायला पाहिजे होतं. सुरेखाला पाठवलं, मी गेले न्हाई. मी रोज त्याचा विचार करते.

मी रजिस्टर बंद केलं. पान क्रमांक टाकलेले न्हाईत, असं म्हणालो. आणि निघालो.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाला गेलो न्हाई. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

नोंदी नंतर लिहिल्या असण्याची शक्यता तपासली पाहिजे. शाईवरून वय कळतं. लॅब कुठं असते ते रामप्रसादला विचारणे.

दुपारी

शाई तपासायची गरज न्हाई. ‘उगं मन लागायचं न्हाई त्यांचं तिथं.’ हे सुरेखाला सुचणार न्हाई. हे वाक्य द्वारकाचंच आहे. वाचताना मला तिचा आवाज बराबर ऐकू आला. पाइपाचा न्हाई.

बुधवार, २९ जानेवारी

काही लिहिण्यासारखं न्हाई. आकांक्षाचे तीन फोन. उचलले न्हाई.

दहा ऑगस्टच्या शनिवारी संध्याकाळी मी घरी आल्तो तेव्हा द्वारका माझ्या सदऱ्याला इस्त्री करत बसली होती. बसून करत होती. एरवी उभी राहून करायची. मी विचारलं, बसून का? म्हणाली, पाय दुखतेत. मी मानपत्राचा कागद वाचून दाखवला. तिनं दोन शब्द दुरुस्त करायला सांगितले. मी दुरुस्त केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शहागडला निघालो. ती फाटकापर्यंत आली न्हाई. खिडकीतून हात केला. मी घाईत होतो.

शुक्रवार, ३१ जानेवारी

अहवाल लिहायला बसलो. पाठपुरावा: २० पैकी २०. निदान: १५ पैकी १५. मंग बाकीच्या सदरांमध्ये कापलेले गुण परत दिले. एकूण ९७, तीन गुण मॅडम वीस मिनिटं उशिरा आल्या त्याचे. ते तत्त्व म्हणून ठेवले.

कुणाला पाठवायचा ते समजेना. फाडला.

गोळी सुरू केली. दोन दिवस घेतली, आज विसरलो.

सोमवार, ३ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.००

आज दवाखान्यात सहज गेल्तो. वही नेली न्हाई. बाकावर शहागडच्या गिरिजाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई आणि त्यांचा मुलगा सोमेश्वर. बाईच्या छातीत जळजळ, हात जड. मॅडम बाहेर येऊन त्याला सांगून राह्यल्या होत्या, कार्डिओग्रामच्या पट्टीत थोडा बदल दिसतोय, खात्री करायला आजच जालन्याला न्या. तो म्हणाला, मॅडम, ऊसतोडीची टोळी आजच शेतात उतरलीय, मी सोडून कसा जाऊ. परवा नेतो बिलकुल.

उठलो. त्याला म्हणालो, सदर बाबतीत विलंब करणे योग्य नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, तुम्ही कोण? मी सांगायला तोंड उघडलं. मनात सगळं तयार होतं, शब्द न् शब्द. तोंडातून निघालं, मी सेवानिवृत्त विस्तार अधिकारी. तो म्हणाला, बरं. आणि आईला धरून पिकअपकडं निघाला.

मी त्यांच्या आधी जाऊन पिकअपमध्ये बसलो. त्यानं उतरायला सांगितलं. उतरलो न्हाई. त्यानं दार उघडून माझा दंड धरला. मी सीटची कड धरून ठेवली. म्हणालो, जालना. रस्त्यावर लोकं जमली. तहसीलमधला एक क्लार्क मला ओळखतो, तोपण होता. गिरिजाबाई म्हणाल्या, सोम्या, हे बाबा उतरत न्हाईत, चल नेऊन आण, तमाशा नको. सुरेखानं खिडकीतून चिठ्ठी आत दिली. माझ्याकडं बघितलं न्हाई.

जालन्यात मोठ्या दवाखान्यात दोनदा रक्त घेतलं, मधे तीन तास. सोमेश्वर टोळीच्या मुकादमाशी फोनवर भांडत येरझारा घालत होता. मी गिरिजाबाईंपाशी बसलो. त्यांनी विचारलं, तुमचं कोण ॲडमिट आहे? मी म्हणालो, कुणी न्हाई, तुमच्यासाठीच आलो. त्या म्हणाल्या, मला तर तुम्ही ठाऊक न्हाई. मी म्हणालो, खरंय.

चार वाजता डॉक्टर आले. हृदय ठणठणीत. पित्त आहे. काल काय खाल्लं? गिरिजाबाई हसल्या, म्हणाल्या, नातीच्या साखरपुड्यात मिरचीची भजी, आठ-दहा.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. डॉक्टर म्हणत होते, आणलं ते बराबर केलं, शंका ठेवू नये. मला राग आला. भजी खाऊन आलेली ही बाई आली, तपासली, हसत घरी चालली, आणि माझी द्वारका दोन शब्द दुरुस्त करून इस्त्री करत बसली. कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राह्यलो. एका वॉर्डबॉयनं विचारलं, काका, बाथरूम पाहिजे का. मी हो म्हणालो.

येताना सोमेश्वरनं रेडिओ लावला, बंद केला. गिरिजाबाई झोपल्या. त्यानं मला अंबडात घरापाशी सोडलं. उतरताना म्हणाला, एक दिवस घालवला काका तुम्ही माझा. मंग बहुतेक वाईट वाटलं असावं, विचारलं, घरी कोण आहे तुमच्या?

मी दार धरून उभा राह्यलो. म्हणालो, कुणी न्हाई. बायको ऑगस्टात गेली. मला आजच न्या म्हणून सांगितलं होतं, मी सोमवार म्हणालो.

गल्ली अरुंद आहे, तो मान मागं करून पिकअप रिव्हर्स घेत होता. इंजिनाचा आवाज मोठा. म्हणाला, गटारावरची फरशी हलती हाय, जपून.

मी परत सांगितलं न्हाई. फरशी खरंच हलत होती. ओलांडून आत आलो.